फिरत्या काचेवरचा केक

प्रिय ताई,

पाकीट आधी झटकून बघितलंस ना? बघितलंच असशील, मी तुला ओळखतो. रबरी पाल नाही, खाजेची पावडर नाही, काही नाही. नुसतं पत्र आहे. शाळेत माझे निबंध तू लिहून द्यायचीस, त्यामुळे स्वतःच्या डोक्याने एवढं लांब मी आयुष्यात पहिल्यांदाच लिहितोय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, ते चालवून घे. दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसतं म्हणून काउंटरमागे बसलोय, तर शेजारी मोबाईलच्या काचा बदलणारा मघापासून विचारतोय, काय रे, राजीनामा लिहितोस का प्रेमपत्र? मी म्हटलं, दोन्हीपेक्षा अवघड आहे, गप बस.

फोन का नाही केला म्हणशील. घरून केला तर आई लगेच स्पीकरवर टाकते आणि बाबा शेजारीच असतात. बाहेरून केला असता, पण तुझा आवाज ऐकला की माझ्या तोंडातून पहिला जोकच बाहेर पडतो. माझ्या तोंडाला ब्रेक नाहीत, हे तूच म्हणतेस. आणि जे सांगायचंय ते जोक मारून सांगितलं तर मी स्वतःच्या नजरेतून आहे त्याहून खाली उतरेन. तसा आता खाली जायला फार जागा उरलेली नाही.

आपलं चायनीज आठवतंय ना? विसरशील कशी. कपडे धुवायच्या दुकानाखालचं, चार पायऱ्या उतरून जायचं. दारातच माशांची टाकी, त्यातला तो एक मिशीवाला मासा, ज्याला आपण मुख्याध्यापक म्हणायचो. तो अजून आहे आणि अजून तसाच बघतो, गृहपाठ केला नसल्यासारखं. मेनूकार्डावरच्या फोटोंवर अजून त्याच सुपाचे डाग. चटणीमावशी अजून न विचारता तिखट तेलाची बरणी आणून आदळते आणि माझ्याकडे बघून म्हणते, "हा आला. मिठाची बाटली उचला." एकदाच, ताई, एकदाच मी मीठ आणि साखर अदलाबदल केली होती, पण त्या बाईची स्मरणशक्ती भयंकर आहे.

तू लग्न होऊन गेल्यावरही आमचा रविवार दुपारचा नेम चुकला नव्हता. तेच कोपऱ्यातलं गोल टेबल, मधोमध फिरती काच. तू असताना मी काच अशी फिरवायचो की तुझं डम्पलिंग तोंडाशी आलं की पुढे निघून जायचं आणि तिखट कोळंबी तुझ्यासमोर येऊन थांबायची. तू चिडायचीस, आई म्हणायची, "किड्या, काच आहे ती, भोवरा नाही." आणि बाबा तेवढ्यात काड्यांनी आपलं आपलं घेऊन मोकळे. फिरत्या काचेवरून, चालत्या बशीतून, एकेक शेंगदाणा उचलायचे. आठवतं? आपल्याला काड्या धरायला त्यांनीच शिकवलं. एक काडी झोपलेली, एक जागी. सगळी करामत जागीची. तुला आलं, मला आलंच नाही, मी काडीने डम्पलिंग भोसकून खायचो आणि बाबा म्हणायचे, "हा जेवत नाहीये, हा शिकार करतोय."

गेलं वर्षभर बाबा चमचा मागायला लागले होते. सूप असो की नूडल्स. मी म्हणायचो, "बाबा, म्हातारे झालात," आणि ते म्हणायचे, "झालो बाबा, तू तरुण आहेस तेवढं पुरे." मग त्यांनी नूडल्स मागवणंच सोडलं. भात मागवायचे, वाटी तोंडाशी धरायचे. चहाचा तो बिनकानाचा छोटा कप दोन्ही हातांनी धरायचे. मला वाटायचं, हात शेकतायत. बेकरीत बाबांनी नाव लिहून दिलेला एक केक गिऱ्हाईक परत घेऊन आलं होतं, नाव नीट लागत नाही म्हणून. मी तेव्हा डबा द्यायला गेलो होतो. काय म्हटलं मी, सांगू? म्हटलं, "बाबा, डॉक्टरचं अक्षर आलंय, आता औषधं पण लिहून द्या." आणि बाबा म्हणाले, क्रीम पातळ झालंय आज. मी मानलं. माझ्यासारखा सतरा ठिकाणी थापा मारणारा माणूस, आणि बाबांची एवढीशी थाप मला पकडता आली नाही.

आता त्या रविवारचं सांगतो. व्हिडिओ तू बघितलायस, पण त्यात अर्धंच आहे. आईने बेकरीच्या मालकांना जेवायला बोलावलं होतं, बाबांना तिथे इतकी वर्षं झाली म्हणून. मला वाटलं, मालक आहेत, मजा करू. मी आधीच जाऊन चटणीमावशीला सांगितलं, आज आमच्या टेबलावर एकही चमचा ठेवू नकोस, गंमत आहे. ती नको म्हणत होती. मी तिच्या इतका मागे लागलो की शेवटी माझ्याकडे न बघताच तिने चमच्यांचा डबा आत नेला. मग मी सगळ्यांसमोर उठून भाषण ठोकलं. मालक, आज तुम्हाला आमच्या बाबांची कला दाखवतो. चालत्या काचेवरून शेंगदाणा उचलणारा या भागातला एकमेव माणूस. आणि काच फिरवली आणि मोबाईल चालू केला.

पुढचं तू बघितलंस. शेंगदाणा पळतो, काडी घसरते, बाबा परत जातात, परत घसरते, एक काडी सुपात पडते, मालकांच्या शर्टावर थेंब उडतो. मी त्याला सर्कशीचं संगीत लावलं, दोनदा उलटं फिरवलं आणि ग्रुपवर टाकलं. तू हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लावलीस. दाजींनी लिहिलं, सासरेबुवांच्या काड्यांनी संप केलेला दिसतोय. तुझ्या सासूबाईंचाही आईला फोन आला, म्हणाल्या, फार हसलो बाई आम्ही. मी त्या दिवशी हिरो होतो.

ताई, तो व्हिडिओ मी नंतर आवाज बंद करून बघितला. तू नको बघूस, मीच सांगतो. आवाज नसला की दिसतं की बाबा डाव्या हाताने उजवं मनगट धरून ठेवतायत, टेबलाच्या कडेखाली, कुणाला दिसू नये असं. दिसतं की आई हसत नाहीये. ती बशी हळूच त्यांच्याकडे सरकवते आणि मी काच परत फिरवतो. दोनदा सरकवते, दोनदा फिरवतो. आणि अगदी शेवटी बाबा कॅमेऱ्याकडे बघून म्हणतात, "आज काड्याच बिघडल्यात," आणि हसतात. ते हसणं मी ओळखतो. मला हेडमास्तरांनी शाळेत बोलावून घेतलं होतं, तेव्हा तिथे खुर्चीवर बसून ते असंच हसत होते. माझ्यासाठी.

पुढच्या रविवारी बाबा म्हणाले, भूक नाही. त्याच्या पुढच्या रविवारी डोकं दुखत होतं. तिसऱ्या रविवारी मी म्हटलं, अहो, नूडल्सवर राग का काढताय, तेव्हा आईने मला स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लावून सगळं सांगितलं. हात थरथरतात. वर्षापासून. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. आजाराला नाव आहे, ते मला नीट म्हणता येत नाही आणि म्हणावंसंही वाटत नाही. जिवाला काही नाही, घाबरू नकोस, औषध चालू आहे, पण हात पूर्वीसारखा होणार नाही. मी म्हटलं, मला का नाही सांगितलं? आई म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तू ताईला सांगितलं असतंस, ती कडेवर तान्हं घेऊन धावत आली असती. आणि त्यांनाच कुणाला कळू द्यायचं नव्हतं. तू मात्र मालकांना सिनेमा दाखवलास." एवढंच बोलली. तिने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

आणि बाबांची ती बढती. बाबांनी तुला फोनवर सांगितलं ना, आता मी काउंटरवर, खुर्चीवर, पंख्याखाली? आणि तू अभिनंदन म्हणून ग्रुपवर फुलं टाकलीस? ताई, ती बढती नाही. आमच्या जेवणानंतर दुसऱ्याच दिवशी मालकांनी क्रीमचा कोन नव्या मुलीच्या हातात दिला. माणूस वाईट नाही. म्हणाले, इतकी वर्षं उभे राहिलात, आता जरा बसा. बाबा खोक्यांना दोरी बांधतात, तीही ती मुलगीच घट्ट करून देते. मी नसती केली गंमत तर आणखी किती दिवस लपलं असतं मला माहीत नाही. पण ते त्यांनी ठरवायचं होतं. मी कोण ठरवणारा?

माझे हात बाबांवर गेलेत. दुकानात सगळ्यात बारीक स्क्रू माझ्याकडे येतात. आता स्क्रू धरला की आधी माझ्याच बोटांकडे बघतो.

मी माफी मागायला गेलो होतो. बाबा इस्त्री केलेले शर्ट कपाटात लावत होते. मी तोंड उघडून उभा, शब्द एक येईना, मी, ताई, मी! बाबांनी बघितलं आणि एकच विचारलं, "तो व्हिडिओ किती जणांनी पाहिला रे?" मी म्हटलं, घरातल्यांनीच. ते म्हणाले, बरं. आणि परत शर्ट लावायला लागले. मी खोटं बोललो होतो आणि ते त्यांना कळलं होतं, आणि त्यांनी ते खोटं घेतलं, घडी घातली आणि ठेवून दिलं.

चायनीजमध्ये मी एकटा जाऊन आलो. चटणीमावशीने माझ्यापुढे सूप ठेवलं आणि आत गेली. कोपऱ्यातल्या आपल्या टेबलावर मात्र तिने एक पेला भरून चमचे ठेवलेत. टेबल रिकामं, पेला भरलेला. मुख्याध्यापक टाकीतून माझ्याकडेच बघत होते.

आता मुद्दा. पुढच्या रविवारी भाचीबाईंचा पहिला वाढदिवस. तू दाजींना आणि सासरच्यांना घेऊन येणार, जेवण आपल्या चायनीजमध्ये, आणि तू फोनवर बाबांना सांगितलंस की केकवर नाव तुम्हीच लिहायचं, तिथेच, सगळ्यांसमोर, आम्ही फोटो काढणार. बाबा हो म्हणाले. त्यांनी तुला कधी नाही म्हटलंय? आणि तुझी तरी कमाल आहे, नाव ठेवलंस तेही जोडाक्षरवालं, वर वेलांटी. काल दुपारी मी अचानक घरी आलो. बाबा स्वयंपाकघरात स्टीलचं ताट पालथं घालून त्याच्यावर क्रीमने तिचं नाव लिहीत होते. लिहायचे, बघायचे, बोटाने पुसायचे. परत लिहायचे. वेलांटी प्रत्येक वेळी उलट्या बाजूला पळत होती. मी चपला हातात घेऊन तसाच बाहेर आलो आणि जिन्यात बसलो.

तर ऐक. मी हे पत्र यासाठी लिहितोय की तू केक रद्द करू नकोस. आम्हीच लिहून आणतो असं तर अजिबात म्हणू नकोस, त्यांना लगेच कळेल. त्यांना लिहू दे, हवा तेवढा वेळ घेऊन लिहू दे, मोबाईल कुणी बाहेर काढायचा नाही, दाजींना तू सांभाळ. सासूबाईंच्या फोनमधला तो व्हिडिओ काढून टाक, काय वाट्टेल ते कारण सांग. केक फिरत्या काचेवर ठेवायचा, मावशीला मी सांगितलंय, या वेळी ती हो म्हणाली. भाचीबाई माझ्या मांडीवर बसतील, बाह्या वर करून. बाबांनी शेवटची वेलांटी दिली, मान वर केली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, की मी काच फिरवणार. केक बरोबर तिच्यासमोर येऊन थांबेल, एवढी काच मला कळते. आणि ती दोन्ही हात घालेल. नाही घातले तर मी घालेन. मग तू ओरड. खरंखुरं ओरड, किड्या, तुला अक्कल कधी येणार, सगळ्यांसमोर, अगदी सासरच्यांसमोर. मला हवंय ते. मग नावाचा काला झालेला तो केक आपण सगळे हातानेच खाऊ, आणि बरबटलेल्या हातांनी काड्या कोण धरतंय? नूडल्ससुद्धा चमच्यानेच खाऊ, पेला भरलेलाच आहे. बाबांच्या हाताकडे त्या दिवशी कुणी बघणार नाही, ताई. सगळे माझ्याकडे बघतील. तेवढं मला जमतं.

तुझाच,
किडा