पडद्यापुढचं गाणं

प्रिय अजिनाथ,

तुझा पत्ता गोरक्षनाथाकडून घेतला. तू गेलास तेव्हा अंगणात उघडा फिरणारा तुझा पुतण्या आता दोन टेम्पोंचा मालक आहे, आणि गावात त्याच्या शब्दाला वजन आहे. फोन नंबरही दिला त्यानं, पण मी लावला नाही. इतक्या वर्षांनी पलीकडून तुझा आवाज आला असता तर नुसता हॅलो हॅलो करत बसलो असतो. तू कारखान्यातून रिटायर झालास आणि कोल्हापूरकडेच राहिलास, एवढं कळलं. त्यापुढं मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. मी बरा आहे. बरा म्हणजे गुडघे गेलेत, तूर काढायला माणूस मिळत नाही, आणि हल्ली काही न करताच दमायला होतं. सकाळी उठतो तोच दमलेला.

कामाचं आधी सांगतो. तुझं गाणं गावात बंद पडलं. यंदा दसरा-दिवाळी झाली, ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या, वेशीवर ट्रक भरून उभे राहिले, आणि बायांनी ते गाणं म्हटलं नाही. तुला कदाचित ठाऊक नसेल, पण तू गेल्यावर टोळ्या निघताना ते म्हणायची चालच पडली होती. कुणी ठरवलं नव्हतं. ट्रक सुरू झाला की मागं राहणाऱ्या म्हाताऱ्या उचलायच्या आणि वर बसलेल्या सुना सूर मिसळायच्या. लेक सासरी निघाली तरी तेच गाणं. यंदा मात्र इंजिनं तेवढी वाजली आणि आजीच्या कडेवरची पोरं रडली. मी पारावर बसलो होतो. शेवटी माझ्या नातवानं, ओंकारनं मोटारसायकलवर घरी आणून सोडलं.

सुरुवात झाली ती सिनेमापासून. ‘संगीत दीपमहाल’चा सिनेमा निघतोय हे कळलं त्या दिवसापासून गाव थाऱ्यावर नव्हतं. नाटक कंपनीचं पाहून आपण बसवलेलं ते नाटक गावानं चैत्राच्या यात्रेत दरवर्षी केलंय, कोरोनात खंड पडला तेवढाच. राजपुत्र अजून मीच. हसू नकोस. दात पडले, पण तुरा लावला की लोक मानतात. तर मोबाईलवर ‘दीपमहाल परिवार’ नावाचा ग्रुप निघाला, त्यात रोज पहाटेपासून तेच. कोणतं गाणं कुणी म्हटलंय, महाल खरा आहे की पुठ्ठ्याचा. नायकाचा फोटो आला तेव्हा अर्ध्या गावानं तो माझ्या तोंडाशेजारी धरून पाहिला. पारावरचा आप्पासाहेब म्हणाला, “नाक तुमच्यावानी न्हाई, पर आजकाल चालतंय आसंच.” मला आपलं बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

पहिल्याच रविवारी दोन टेम्पो भरून नगरला निघालो. पाट्यांवर आता अहिल्यानगर आहे, आपल्या तोंडी नगरच बसलंय. टेम्पोंना झेंडूच्या माळा, पुढं बॅनर, त्याच्या कोपऱ्यात तुरा लावलेला मी. बायांनी यात्रेच्या साड्या नेसल्या होत्या. आष्टीपर्यंत नाटकातली गाणी झाली, आणि कडा मागं पडल्यावर गाणारे सगळे उलट्या करत होते. तरी थेटरात शिरताना प्रत्येकीनं तोंड धुऊन पुन्हा कुंकू लावलं. सगळा जीव अडकला होता तो एका जागेत. राजपुत्र महाल सोडतो, आतला पडदा पडतो, आणि त्याच्यापुढं येऊन दासी गाणं म्हणते, ती जागा.

ती आली तशी रांगेतल्या सगळ्या सावरून बसल्या. वेशीवर गाणं उचलणाऱ्या बनुबाईनं पदर नीट केला, जणू तिलाच उठून म्हणायचं होतं. आणि समोर काय, तर राजपुत्रानं जरीचा अंगरखा काढला आणि पापणी लवायच्या आत तो फाटक्या कफनीत नदीकाठी उभा. दाढीसकट. मधे दासी नाही आणि गाणं नाही. मग अंधारात बनुबाईनंच उचललं आणि बाकीच्या मागोमाग आल्या. पुढून लोक श्श् श्श् करायला लागले, बॅटरी घेऊन माणूस धावत आला, तरी दोन ओळी पुऱ्या झाल्याच.

वाट तुझी सावलीची, ऊन न लागो पायी,
मागं वळून बघायाची गरज आता नाही.

पुढं सिनेमात काय झालं ते आमच्यातल्या कुणालाच नीट सांगता येणार नाही. गोरक्षनाथानं थेटराच्या पायऱ्यांवरच व्हिडिओ काढला, “आमचं गानं कापलंय, आमी खपवून घेनार न्हाई,” आणि दिला सोडून. चार दिवसांत उत्तरं यायला लागली. दीपमहालवर जीव टाकणारी माणसं पुण्यामुंबईत आपल्याहून जास्त आहेत. जुने रसिक, कंपनीत काम केलेले, सगळ्यांचं म्हणणं एकच, असं गाणं नाटकात नव्हतंच कधी. काहींनी ते चांगल्या शब्दांत लिहिलं. एकानं लिहिलं की खेड्यातल्या लोकांनी कुठलं तरी फुटकळ गाणं घुसडलं आणि वर भांडतात. ते वाक्य मोबाईलवरून मोबाईलवर फिरत बायांपर्यंत गेलं. बनुबाई म्हणाली, “ज्याला मायबाप न्हाई त्ये गानं कशाला म्हनायचं? हसं हुतंय.” म्हणून वेशीवर यंदा सगळ्या मुक्या राहिल्या.

गोरक्षनाथ त्यानंतर दोनदा येऊन गेला. मुकाट बसणाऱ्यातला तो नाही, तुमच्या घरात कुणीच नव्हतं. ओट्यावर बसून म्हणाला, “नाटक बसवनारं भिमाजी तात्या गेलं. तवाचे तुमी एकलेच उरलात, दादा. सांगा की, गानं आलं कुठनं?” मी म्हणालो, दमलोय रे, नंतर बघू. ज्याला शोधतोय तो त्याचा सख्खा चुलता, हे त्याला सांगायचं माझ्या जिभेवर आलं होतं.

तुला आठवतंय ना सगळं? खर्ड्याला कंपनीचा प्रयोग लागला तेव्हा आपण दोघंच गेलो होतो, एका पोत्यावर बसून पाहिला. येताना रात्रभर चालत तू दासीची आणि मी राजपुत्राची भाषणं म्हणत आलो. नाटकाचं पुस्तक आणवून भिमाजी तात्यांनी शाळेच्या ओट्यावर तालमी सुरू केल्या, आणि कपडे घालून पहिली तालीम झाली तेव्हा पंचाईत कळली. कंपनीत राजपुत्राला कफनी चढवायला चार माणसं असत. माझ्याकडं माझेच दोन हात, त्यात दाढीचा डिंक वाळायचा नाही. तेवढा वेळ नुसता पडदा बघून पोरं शिट्ट्या मारायला लागली आणि तात्या आपल्यावर कावले. दुसऱ्या दिवशी तू आलास ते गाणं घेऊनच. म्हणालास, कंपनीच्या प्रयोगात इथं दासीचं गाणं होतं, पुस्तकात छापायचं राहिलंय. तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी तुझ्याकडं पाहिलं आणि तोंडातून होच आलं. तेव्हापासून ते नाटकातलं झालं.

तीन यात्रा तू दासी होतास. तेव्हा आपल्यात पोरींना स्टेजवर कोण जाऊ देत होतं. लोक तुझ्या लुगड्याला, चालण्याला हसायचे, आणि तू गायला लागलास की हसणं थांबायचं. मी ते कधी पाहिलं नाही. मी पडद्यामागं कंदिलाशी बसून तोंडाला डिंक लावत असायचो, आणि तुझा आवाज कापडातून आत यायचा. माझं आवरलं की मी पडदा दोनदा हलवायचा आणि तू गाणं संपवायचं, असं ठरलं होतं. आवरून झालं तरी मी लगेच हलवायचो नाही, अजिनाथ. तुझ्या ते लक्षात यायचं की नाही, हे विचारायचं राहून गेलं.

तिसऱ्या यात्रेनंतर वैशाखात माझं लग्न झालं. वरातीत सगळ्यांत पुढं तू नाचलास. दसऱ्याला टोळीबरोबर गेलास. चैत्रात टोळी परत आली आणि तू आला नाहीस. तिकडंच कारखान्यात चिकटला, असं तुझा भाऊ म्हणाला, आणि सगळ्यांनी नशीब काढलं म्हणून मान डोलावली. मीही डोलावली. त्या यात्रेत दासी दुसऱ्याच कुणी केली. पुढं बाहेरून बाया आणायला लागलो, आता गावातलीच आरती करते. आवाज गोड आहे पोरीचा.

सिनेमाला मी गेलो तो ते गाणं एकदा समोरून बघायला. त्यात ते असणार नाही हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण इतकी वर्षं सगळं गाव नाटकातलंच म्हणतंय, तर मलाही निम्मं खरं वाटायला लागलं होतं. परवा तुझी वहिनी, आमची लंकाबाई, ज्वारी पाखडत बसली होती, तिच्यापाशी मी हे बोलून गेलो. ती लग्नाआधी आईबरोबर आपल्या यात्रेला यायची, तुला तिनं गाताना पाहिलंय. सूप न थांबवता म्हणाली, “शेवटच्या वळीला त्ये मानसांकडं पाठ करायचे. पडद्याकडं तोंड करून म्हनायचे. तुमाला ठावं न्हाई व्हय? आरती आजूनबी तसंच करती. समद्यांनी तसंच केलंय. आमाला वाटायचं, गानंच तसं बसवलंय.”

गावातल्या शेंबड्या पोराला हे माहीत आहे आणि मला नव्हतं. मी जन्मभर पडद्याच्या मागं. पोरं मोबाईलवर नाटक काढतात, त्यातही मी आजवर स्वतःचेच प्रवेश बघत आलो. तू मागं तोंड करून म्हणत होतास, आणि मधे एक फडकं होतं. पुढच्यांना तुझी पाठ दिसली, मला कंदील. त्या ओळीला तुझा चेहरा कसा होता हे या जगात कुणीच पाहिलं नाही. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतंय. लंकाबाईनं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, “पत्र लिवा त्यांला. फोनवर तुमाला बोलता यायचं न्हाई.” ती काय समजली आणि कधीपासून समजून आहे, ते मी विचारलं नाही. थोड्या वेळानं तिनं चहा आणून ठेवला, साखर जरा जास्त घातलेला.

तर आता मला गावाला तुझं नाव सांगायचंय. फुटकळ नाही, आमच्या अजिनाथनं केलेलं गाणं आहे, असं यात्रेत नारळ फुटल्यावर माईकवरून सांगायचंय, म्हणजे पुढच्या दसऱ्याला बाया वेशीवर मान वर करून म्हणतील. पण नाव निघालं की तू लोकांकडं पाठ का करायचास हेही लोक जुळवतील. जुळवू देत, माझं घाबरायचं वय गेलं. तुझं काय ते मला माहीत नाही, म्हणून विचारतोय. नको म्हणालास तर गोरक्षनाथाला सांगेन, म्हातारा विसरला. पण चैत्रात तू ये. नाव असो नसो, ये. आरतीला मी सांगितलंय की यंदा ते गाणं दुसरं कुणी म्हणेल, आणि राजपुत्राचा अंगरखा भिमाजी तात्यांच्या नातवाला, पार्थला देऊन टाकला. त्याचे कपडे बदलायला चार पोरं आहेत आणि दाढी आता कानाला अडकवायची असते, त्याला मधल्या वेळेची गरज नाही. मला आहे. मी पुढं पोतं टाकून बसणार आहे. आवाज राहिला नसेल तर नुसता बोल, पण शेवटच्या ओळीला तोंड पुढंच असू दे. पडद्यामागं आता मी नाही.

तुझाच,
कल्याण