धन्याचं पाणी

मंगळवार, संध्याकाळ

दमले. आज डॉक्टरांनी मला दहा मिनिटं बाहेर बसवलं. परत आत बोलावलं तेव्हा ईशा माझ्याकडे बघेना.

चार महिने मी सगळ्यांना सांगतेय, पोरीला उन्हाळी लागलीय, लघवीला आग होते. रोज सकाळी धन्याचं पाणी गाळून दिलं. निघालं काय, तर केटामाइन. ऑपरेशनच्या आधी भूल द्यायला वापरतात ते. ही ऑफिसच्या मित्रांबरोबर हुंगत होती.

"वीकेंडलाच गं आई. थोडा वेळ आपण आपल्या अंगात नसल्यासारखं वाटतं, बस."

आणि त्या अंगाचं काय? मूत्राशय आतून सोलवटून आकसलंय. आत्ता पूर्ण थांबली तर बरंचसं सुधारेल, नाहीतर पुढे ऑपरेशन, म्हणाले. हडपसरहून मांजरीला येईस्तोवर तिच्यासाठी दोनदा रिक्षा थांबवली. चोवीस वर्षांची मुलगी.

ह्यांना अजून सांगितलेलं नाही. कसं सांगू?

राग नक्की कशाचा येतोय? ते पाणी ती रोज माझ्यासमोर शेवटच्या घोटापर्यंत प्यायची. कशाने होतंय हे तिला ठाऊक होतं. मग का प्यायची? माझ्या समाधानासाठी?

मघाशी स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "उद्याचे धने भिजवलेस?"

डबा रिकामा होता. शेजारच्या काकूंकडून मूठभर आणले. "अजून गेली नाही का हो उन्हाळी?" त्यांनी विचारलं.

नाही म्हटलं.