हात उजवीकडे गेला

निर्मल
१२ नोव्हेंबर २०२४

ती. हर्षालीताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र चार दिवस टाळलं, ताई. रोज कागद घेतो न् खिडकीतून कोण येऊन राह्यलं तेच बघत बसतो. फोन बंद ठेवलाय. चालू केला की ठिकाण कळते म्हणतात. म्हणून निर्मलहून आदिलाबादला जाणाऱ्या बसच्या कंडक्टर विमलबाईंच्या हाती हे देतो.

माझ्या हातून माणूस गेला असेल. शुक्रवारी सकाळी भीमपुरातून कापसाचा टेम्पो घेऊन निघालो. समोर गाड्या असल्या की मी नीट डावीकडे राह्यतो. रस्ता मोकळा असला की मस्कतची उजवीकडून चालवलेली चार वर्षं हातात येतात न् हात उजवीकडे जातो. वळणावर समोरून धोंडीबाकाकांची बैलगाडी आली. घाबरून मी आणखी उजवीकडे ओढलं. त्यांनी बैल त्यांच्या डावीकडे घातले, म्हणजे तिकडंच. टेम्पो झाडाला घासला, गाडी नाल्यात गेली. आरशात काका उताणे दिसले. मी थांबलो नाही, ताई.

मस्कतला एक केरळचा सोबती सांगे, पूर्वी घोडेस्वार डावीकडून जात, तलवारीचा हात समोरच्याकडे राहावा म्हणून. मग तिकडं युरोपात मोठ्या जोडगाड्या आल्या. हाकणारा डाव्या घोड्यावर बसे; समोरची गाडी आपल्याच बाजूनं जावी, चाकाला चाक लागतं का ते दिसावं म्हणून उजवीकडून जाई. आपल्याकडं इंग्रज आले, त्यांची डावी ठेवून गेले. हा सोबती चहात मीठ टाके... ते जाऊ दे. एवढं ठाऊक असून हात ऐकत नाही, काऊन?

काका जिवंत आहेत का, तेवढं कळव. भाऊजींना सांगू नको.

लोभ उरला असेल तेवढा राहू दे,
संतोष

आदिलाबाद
१४ नोव्हेंबर

चि. संतोषास,
अ. आ., आणि भेटशील तेव्हा एक कानाखाली.

काल भीमपूरला गेले. काकांच्या घराला कुलूप. शेजारच्या द्वारकाबाई म्हणाल्या, भागाबाईकाकूंनी त्यांना जीपमध्ये घालून नेलं. शुद्ध होती की नाही, कुणी पाहिलं नाही. बैल द्वारकाबाईंच्या दारात बांधलेत. इथल्या दवाखान्यांत विचारलं, नाव कुठंच नाही.

पळण्यात तू लहानपणापासून हुशार. शाळेतून पळालास, न्हाव्याच्या खुर्चीतून अर्ध्या डोक्यानं पळालास. आता पळू नकोस. मला भीती काकांची आहे तशी तुझीही आहे. पुन्हा एखाद्या देशात नाहीसा होशील. ठाण्यात स्वतःहून जा. मी सोबत येईन. ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

जेवत जा. माया आहे, रागासकट.
तुझी ताई

निर्मल
१६ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कुलपाचं वाचलं. खरं सांगतो, काल हैदराबादच्या बसमध्ये बसलो होतो. बस सुटताना उतरलो. सदरा धुऊन वाळत घातलाय; वाळला की ठाण्यात जातो. काय बोलायचं ते पाठ करून राह्यलो, पण "आरशात" म्हणलं की पुढचं तोंडातून निघत नाही. तू ये. भाऊजी आले तरी...

ताई, खाली विमलबाई कोणाला तरी माझी खोली दाखवून राह्यल्या.

धोंडीबाकाका आहेत. चालत आलेत! हात बांबूच्या पट्ट्यांत, मागं भागाबाई शिव्या देत. इथंच गावाबाहेर हाडवैद्याकडं होते म्हणे. भाऊजींनी तुझ्या उशीखालचं माझं पत्र वाचलं न् काल त्यांना हुडकून काढून माझा ठावठिकाणा सांगितला. मला वाटलं, चांगल्या हातानं मारतील. तर टेम्पो झाडाला लागताना पाहिल्यापासून त्यांना माझाच घोर. मला कुठं लागलं तर नाही, हे विचारायला आलेत. दारात उभे आहेत. पेन ठेवतो, आधी त्यांना बसा म्हणतो.