साडूकडे टेप नाही

३ मार्च, सकाळी
काल साडूकडे जेवायला. ताटं राहिली बाजूला, आधी सर्व्हरदर्शन. जिन्याखालच्या कपाटात काळा डबा, हिरवे दिवे. घरातलं सगळं आपोआप दोन डिस्कवर जातं म्हणे. बायको त्या दिव्यांकडे टक लावून बघत होती. येताना म्हणाली, भाऊजी किती व्यवस्थित आहेत. मला मत्सर वाटत नाही. फक्त नोंद करून ठेवतोय.

५ मार्च
आमच्याकडेही सर्व्हर आहेच. शिवणयंत्राशेजारचा जुना कॉम्प्युटर. त्यावर सासऱ्यांच्या आठवणींचं रेकॉर्डिंग. गेल्या वर्षी ते गेले, त्याआधी आठ रविवार मी स्वतः फोन धरून बसलो होतो. साडू नव्हे. मी.
संकल्प : बॅकअप टेपवर घ्यायचा. मोठ्या कंपन्या टेपच वापरतात. साडूकडे टेप नाही.

९ मार्च
टेप ड्राइव्ह आला. एका बंद पडलेल्या ऑफिसातला. उचलताना कंबर धरली. बायकोने विचारलं, यावर गाणी लागतात का. समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि परत विचारलं, म्हणजे नाही ना लागत?

१० मार्च
केबल बसत नाही. वेगळं कार्ड लागतं. मला माहीत होतंच, आठवलं नव्हतं एवढंच.

१६ मार्च
कार्ड बसवलं. आता कॉम्प्युटरचं झाकण बसत नाही. उघडाच ठेवला. हवा खेळती राहते. शेजारच्या निवृत्त बाई बेल वाजवून विचारून गेल्या, घरात गिरणी टाकलीत का.

१८ मार्च, संध्याकाळी ६
जमलं!! टेप आत गेली, घरघरली आणि चार सेकंदांत बॅकअप पूर्ण. साडूच्या डिस्कना तासन्‌तास लागतात. लगेच त्याला फोन. तो वा म्हणाला आणि मग त्याने विचारलं, टेपवरून परत काढून बघितलंत का? जळतोय बिचारा.

१९ मार्च
टेप आहे म्हटल्यावर डिस्कवर पसारा कशाला? डिस्क पुसली, कॉम्प्युटर नव्याने लावला. फोनमधलंही उडवलं. फार हलकं वाटतंय.

२५ मार्च
रविवारी सासऱ्यांना जाऊन वर्ष होईल. सगळ्यांना आमच्याकडे बोलावलंय. त्यांचा आवाज ऐकवणार. साडूला पुढच्या खुर्चीवर बसवणार, म्हणजे नीट दिसेल.

२८ मार्च, दुपारी
टेप लावली. फोल्डर आलं. आत काही नाही. तीनदा केलं, तीनदा काही नाही.

२८ मार्च, दुपारी ४
कारण सापडलं. फोल्डर समजून मी त्याचा शॉर्टकट टेपवर घेतला होता. म्हणजे घराऐवजी दारावरची पाटी. पाटी मात्र उत्तम अवस्थेत आहे.
बायकोला सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. शिवणयंत्रापाशी बसून राहिली. म्हणाली, बाबा 'अगं ऐक तर' म्हणायचे ना, तेवढं तरी हवं होतं.

२९ मार्च
साडूला फोन केला. हे वाक्य लिहायला मला अर्धा तास लागला.
त्याच्याकडे सगळं आहे. दर रविवारी तो माझ्या फोनवरून कॉपी घ्यायचा, मला विचारूनच. मी म्हणे म्हणालो होतो, घ्या घ्या, तुमच्याकडे दुसरं आहे काय! तो एवढंच म्हणाला, घेऊन येतो. टेपबद्दल चकार शब्द नाही. हे जास्त लागलं.

३० मार्च, रविवार
सगळे जमले. रेकॉर्डिंग सुरू झालं. आधी मी : बाबा, फोनकडे तोंड करा. मग सासरे : त्या वर्षी आमची बदली झाली... मग मी, बदलीच्या नियमांवर बारा मिनिटं. दुसऱ्या रविवारी सासऱ्यांनी सायकलची गोष्ट काढली. शेवट मी सांगितला. चुकीचा. सासूबाई मान खाली घालून ऐकत होत्या.
बायकोने साडूला हळूच विचारलं, यातला एक आवाज काढून टाकता येतो का. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी फाइल कुठे सेव्ह करायची ते बघतोय असं दाखवलं. तो म्हणाला, येईल, वेळ लागेल थोडा.

५ एप्रिल
फाइल आली. आठ तासांची सत्तेचाळीस मिनिटं झालीत. बायकोने दोनदा ऐकली. ती बाजारात गेल्यावर मीही ऐकली.
सासरे फार छान बोलायचे. मला माहीत नव्हतं.