घोडं तोंडानं दम घेत नाही

बाबा, तुमच्या घोडीचं तोंड सुजलं होतं. या उन्हाळ्यात, लग्नसराई ऐन भरात असताना. तुमची म्हणते, कारण तुम्ही गेलात तेव्हा ती चार महिन्यांची शिंगरी होती आणि तिचं दावं तुम्ही स्वतःच माझ्या हातात दिलं होतं. त्याला आता सतरा वर्षं झाली. मी एक्केचाळीसची झाले, घोडीही म्हातारपणाकडे झुकली. आईला सगळं सांगितलं, एवढं एक सोडून. तिला आता कमी ऐकू येतं आणि काही गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत. म्हणून लिहायला बसले.

मी तेरा वर्षांची असतानाचा तो दिवस आधी लिहिते, कारण या उन्हाळ्यात माझ्या हातांनी जे केलं ते त्या दिवशीच शिकलेलं होतं. हिच्या आईच्या, आपल्या मोठ्या घोडीच्या, मागच्या पायाला तार लागून जखम झाली होती. सकाळी तिला सुई टोचून पशुदवाखान्याचे कंपाउंडर पवनारच्या बसथांब्याकडे निघून गेले. आई चुलीजवळ पोळ्या करत होती. आपल्या स्वयंपाकघराची खिडकी तबेल्यात उघडते, आणि पोळीचा वास आला की मोठी घोडी त्या खिडकीतून डोकं आत घालायची. त्या दिवशीही तिनं घातलं आणि आईच्या हातातलं लाटणंच पडलं. घोडीचे ओठ फुगून लोंबत होते, डोळे मिटत चालले होते, मानेवर रुपयाएवढ्या गांधी उठल्या होत्या. मी हळदीचा डबा घेऊन धावले. तुम्ही माझ्या हातावर असा फटका मारलात की सगळी हळद कडब्यात सांडली. "हळद राहू दे! पहिले मोहरकी काढ तिची! दिसत नाई काय, रुतून राह्यली तोंडात?" मला वाईट वाटलं ते फटक्याचं नाही. एवढ्या मोठ्या सुजेत तो दोरीचा पट्टा तुम्हाला दिसला आणि मला दिसला नाही, याचं वाटलं.

तुम्ही मोहरकी कापली, मानेत सैल दोर घातला, ओलं गोणपाट तोंडावर धरलं आणि मला सायकलवर डॉक्टरांना आणायला पिटाळलंत. डॉक्टर येईपर्यंत तिचं डोकं खांद्यावर उचलून तुम्ही उभे होता. संध्याकाळी सूज उतरल्यावर मला जवळ बसवून म्हणालात, "बैल तोंडानं दम घेते, कुत्रं घेते. घोडं नाई घेत. त्याचं नाक बंद झालं का त्याचं सारंच बंद झालं. ध्यानात ठेवजो." मग कोळशानं तबेल्याच्या भिंतीवर लिहिलंत, 'हिले पेनिसिलिन देऊ नये.' पेनिसिलिन हा शब्द डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून अक्षर अक्षर बघून काढला होतात. भिंत सारवताना मी तेवढा तुकडा अजून सोडून देते.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे, तरी माझ्या बाजूनं एकदा लिहू द्या. नागपूरला नर्सिंगला माझा नंबर लागला त्याच महिन्यात तुम्हाला लकवा झाला. डावी बाजू गेली. वराती ठरलेल्या होत्या, लोक दारात येत होते, आणि मोठी घोडी तुमच्याशिवाय फक्त माझ्याच हाती चालायची. एक सीझन करून जाईन, असं मी आईला म्हटलं. तुम्ही ते ऐकलं होतं. तीन वर्षांनी तुम्ही गेलात. जायच्या आदल्या दुपारी खाट तबेल्याच्या दाराशी ओढायला लावलीत, शिंगरीचं दावं उजव्या हातानं माझ्या मुठीत ठेवलंत आणि म्हणालात, "इकू नको. सांभाळजो." मी हो म्हटलं. मरणाऱ्या माणसासमोर दुसरं काय म्हणतात, बाबा? मी चोवीस वर्षांची होते. एका शब्दात सतरा वर्षं जातात, हे त्या वयात कुणाला कळतं?

तक्रार करत नाही. पण घोडी म्हणजे काय, हे तुम्हाला तरी समजवायला नको. सकाळचा खरारा, लीद, कुट्टी, भिजवलेला चणा, धाम नदीवर नेऊन धुणं. दोन दिवस कुठं जायचं म्हटलं तर दाणा कोण घालील? मावशी वारली तेव्हा जाम गावापर्यंत जाऊन आले, माती झाल्या झाल्या पहिल्या बसनं परत. दोन ठिकाणांहून मागणी आली होती. दोघांनीही आधी घोडी विका म्हटलं. मी विकली नाही, आणि ते पुन्हा आले नाहीत. माझ्याबरोबर नर्सिंगला नंबर लागलेली मैत्रीण आता मोठ्या दवाखान्यात सिस्टर आहे. बसमध्ये भेटते. ती तिच्या ड्युटीचं सांगते, मी घोडीचं. मग दोघी खिडकीबाहेर बघत बसतो.

आता या उन्हाळ्यातल्या त्या दिवसाचं. हिंगणीकडच्या एका गावात वरात होती. हनुमानाच्या देवळातून नवरदेव निघाला तेव्हा चार वाजले असतील. देवळाच्या कमानीला गांधीलमाशांचं घर होतं. धुमालचा, ढोल-बँडवाल्यांचा, ट्रक कमानीखाली उभा राहून वाजायला लागला तशा तीन-चार माश्या खाली आल्या. घोडीनं डोकं झटकलं, फुरफुरली. मला वाटलं आवाजानं बिचकली. मी मान थोपटली आणि पुढे निघाले.

गल्ली अरुंद होती. पुढे धुमालचा ट्रक, मागे नाचणारी दीडशे माणसं, एका बाजूला घरांच्या भिंती, दुसऱ्या बाजूला उघडी नाली. वळायला जागाच नव्हती. निम्म्या वाटेत माझ्या हातातला लगाम जड झाला. वर बघते तर घोडीचा वरचा ओठ पुढे आलाय, डाव्या नाकपुडीवर लिंबाएवढी गाठ आहे, आणि बघता बघता ती डोळ्याकडे सरकतेय. कान लावला तर दमाला शिटीसारखा आवाज. मी ओरडले, "नवरदेवाले उतरवा!" धुमालमध्ये कुणाला ऐकू जाणार? नवरदेवाच्या काकांचा हात धरला तेव्हा त्यांनी कान जवळ आणला.

"अवो बाई, वरातीत नवरदेव घोडीवरून उतरत नसते. मांडव थो दिसून राह्यला. शंभर पावलं चालवून घ्या."

"दादा, तिचं नाक बंद होऊन राह्यलं. शंभर पावलात पडन ती. तुमच्या पोराले घेऊन पडन."

"सकाळी तं चांगली होती. आताच काऊन झालं?"

मी तिच्या कपाळावरचं डोकेफूल तोडून काढलं, मग लगाम, मग मोहरकी. लोकांना वाटलं बाई वेडी झाली. घोडीवर पोरगं, आणि तिच्या तोंडात काहीच नाही. तेवढ्यात नवरदेवच वाकला आणि त्यानं तिचं तोंड पाहिलं. कुठल्याशा ऑफिसात कारकून होता, घोडीवर बसायला आधीपासून घाबरलेला. "काका, मी उतरून राह्यलो," म्हणाला आणि फेट्यासकट नालीच्या काठावर उडी मारली. कट्यार काकांच्या हातात देऊन तो ट्रकपुढे गेला आणि दोन्ही हात वर करून धुमाल बंद करायला लावलं. एवढ्या आवाजानंतर एकदम शांत झालं आणि त्या शांततेत घोडीचा दम सगळ्या गल्लीला ऐकू आला. मग मात्र माणसं बाजूला झाली. नवरदेव परत येऊन म्हणाला, "मावशी, वाचन का ती?" मी म्हटलं, "तुम्ही मांडवात जा, मुहूर्त टळन." तो गेला. जाताना दोनदा मागे पाहिलं त्यानं.

समोरच्या घराचं फाटक एका बाईनं उघडलं. चाळिशीची असेल, अंगणात भाजीचे वाफे होते. मी घोडी आत घेतली आणि पशुदवाखान्याच्या डॉक्टरांना फोन लावला. ते दुसऱ्या गावात होते, गाय अडली होती. म्हणाले, "ताई, मला पाऊण तास तरी लागेल. डोकं खाली लोंबू देऊ नका. थंड पाण्याचा कपडा ठेवा. नाकपुड्या मिटत असतील तर पूर्ण मिटायच्या आत नळी घाला. जाड पाइपचे वीतभर तुकडे करा, टोकं गुळगुळीत करा, तेल लावा. जोर करू नका. जितकी सहज जाते तितकीच." त्या बाईनं वाफ्यांना पाणी घालायचा पाइप न विचारता विळ्यानं कापून दिला. टोकं गॅसवर शेकून गुळगुळीत केली, गोडंतेल लावलं. घोडी तयार होईना. तिला मी धरलं, बोलत राहिले, आणि एकेक करून दोन्ही तुकडे आत सरकवले. हवा आत गेल्याचा आवाज आला तेव्हा ती बाई रडली. मी नाही रडले.

नळ्या चिंधीनं बांधून पाहिल्या, पण घोडी डोकं हलवायची आणि त्या निसटायच्या. शेवटी तिचं डोकं खांद्यावर घेऊन दोन्ही हातांनी दोन नळ्या धरून उभी राहिले. अगदी तुमच्यासारखी. पण तुम्ही स्वतःच्या घोडीला धरून उभे होता, बाबा, मी तुमच्या घोडीला. ती बाई आत चहा टाकायला गेली. मांडवाकडून मंगलाष्टकं ऐकू येत होती. अंगणात आम्ही दोघीच. घाम डोळ्यांत जात होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. तिच्या मानेत घातलेलं दावं मी कमरेला गुंडाळलं होतं. तेव्हा माझ्या मनात आलं की आता इथून कुठं जाता येणार नाही. आणि लगेच त्याच्या मागून दुसरं आलं, की जाता येईल. काही करायला नको. फक्त हात सैल सोडायचा. गांधीलमाशी चावली, डॉक्टर लांब होते, कोण काय म्हणणार आहे? विकली नाही, सांभाळली, शब्दही मोडला नाही.

मी डावा हात काढला. नळी सरकून मातीत पडली. डावी नाकपुडी मिटली, घोडीचं अंग माझ्या अंगावर एकदम जड झालं, उजव्या नळीतून शिटी वाजायला लागली. मी तशीच उभी. किती वेळ, ते ठाऊक नाही. मग दारात त्या बाईची पावलं वाजली आणि माझा हात मातीतल्या नळीकडे गेला. पदरानं पुसून मी ती परत घातली. पावलं आधी वाजली की हात आधी गेला, ते आठवत नाही.

डॉक्टर आले. मानेच्या शिरेत एक, दंडात एक अशी दोन इंजेक्शनं दिली. इंजेक्शन दिल्यावर ते तासभर तिच्याजवळून हलले नाहीत. अंधार पडायच्या आत ओठ पुन्हा ओठासारखे झाले आणि घोडीनं त्या बाईच्या वाफ्यातली मेथी ओढली. डॉक्टर मला म्हणाले, "नळी तुम्ही घातली नसती तर मी येऊन उपयोग नव्हता." त्या बाईनं तेच चार जणांना सांगितलं. नवरदेवाची आई मांडवातून ताट घेऊन आली आणि माझ्या पायाला हात लावायला वाकली. मी मागे सरकले. सगळे म्हणाले, किती साधी बाई आहे.

आता ती वरातीला जात नाही. पुढचा डंख याहून जड जाऊ शकतो, गर्दीत नेऊ नका, असं डॉक्टरांनी सांगितलंय. मी ब्लाउज शिवते. जामच्या एका ढाबेवाल्यानं तिला मागितलं होतं, ढाब्यावर येणाऱ्यांच्या मुलांना फिरवायला. चांगला माणूस होता, सावलीचा तबेलाही दाखवला. मी नाही म्हटलं. आई खूश झाली, तिला वाटलं तुमच्या शब्दाखातर. तुमच्या शब्दापायीच मी तिला त्या अंगणात मरू देत होते, बाबा. आता ती माझ्याकडे आहे ती दुसऱ्याच कारणानं, आणि ते कारण तुम्हीही माझ्या हातून सोडवून घेऊ शकत नाही. सकाळी खरारा करताना डाव्या नाकपुडीपाशी माझा हात थांबतो. तिला काहीच आठवत नसावं. ती नाक माझ्या तळहातात खुपसते.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून निदान खोटं तरी राहू नये. वर जे आठवत नाही म्हणून लिहिलंय, ते खोडते. आठवतं. आधी पावलं वाजली.