यमुनाबाईंचे सावकाश हात

मंगळवार, संध्याकाळ. मंचर.

मन अजून कांद्याच्या शेडमध्येच आहे. दारातून येणाऱ्या उन्हात दिवसभर गुलाबी पापुद्रे तरंगत होते आणि मी हातात यादी घेऊन ते बघत होतो. शेठ म्हणाले होते, कांदा निवडणाऱ्यांतली एक बाई कमी कर. मला सुपरवायझर होऊन महिनाच झालाय. कॉलेजात पाठ केलेलं आठवलं: नियोजन, संघटन, निर्देशन, समन्वय, नियंत्रण. मग कोणाच्या गोण्या सगळ्यांत कमी भरतात ते पाहिलं आणि यमुनाबाईंचं नाव लिहिलं. इतकं सोपं वाटलं. का वाटलं?

दुपारी त्यांना सांगायला गेलो. त्या एक कांदा नाकाशी धरून, डोळे मिटून बसल्या होत्या. मला वाटलं, डुलकी लागली.

"सायब, ह्यो आतून सडलाय."

वरून अगदी चकचकीत होता. कापला, तर आत काळा.

"असला एक जरी गेला, तर आख्खी गोणी नासती. म्हणून मला लई येळ लागतो. तुमी काय सांगत व्हता?"

"काही नाही."

पुन्हा ते पापुद्रे, हळूहळू खाली येणारे. किती वेळ उभा होतो, कोण जाणे. मग नाव खोडून यादी शेठना परत दिली, यमुनाबाईंमुळेच नासका माल बाहेर जात नाही असं सांगून.

"बाई राहू दे," ते चिडून म्हणाले, "पण माल परत आला तर तू घरी."

मी हो म्हणालो. भीती वाटली नाही, हेच नवल.

उद्या लवकर जाणार आहे. आतून सडलेल्या कांद्याचा वास ओळखायला मलाही शिकवा, असं त्यांना म्हणायचंय.