नानांचा डावा पाय

जळगाव,
२० नोव्हेंबर २०२३

ती. नाना यांस,
नूतनचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर तुम्ही "बरं, बरं" म्हणता आणि तो मोठ्या आईकडे देऊन मोकळे होता, म्हणून हे पत्र.

आमच्या कॉलनीतल्या विहाराचा हॉल मला योगवर्गासाठी मिळाला! राकेश भुसावळहून ड्यूटी करून येतो आणि एकटाच भिंती रंगवतो. पंख्यावरही रंग सांडलाय, पण त्याच्या डोळ्यांत बायकोचं कौतुक इतकं मावेनासं झालंय, की तो पंखा मी तसाच राहू दिला. उद्घाटन रविवारी, १७ डिसेंबरला. फीत वगैरे कापायची नाही. ज्याने मला पहिल्यांदा सतरंजीवर उभं केलं त्याने सगळ्यांसमोर पहिलं आसन करायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या मागोमाग. म्हणजे तुम्ही.

तुम्ही म्हणाल, माझ्यानंतर तुझे कितीतरी गुरू झाले. झाले, आणि सगळ्यांची मी ऋणी आहे. नाशिकच्या सरांनी पट्टे आणि लाकडी ठोकळे लावून मला सरळ उभं राहायला शिकवलं. एकेका अंगठ्यावर दिवस घालवायचे, तेव्हा रडू यायचं, आज हात जोडावेसे वाटतात. इथल्या जिममधल्या किरण मॅडमचा योग म्हणजे गाण्यावरची धावपळ, पण बाळंतपणानंतर स्वतःच्या अंगाची वाटणारी लाज त्यांनीच घालवली. मौनाच्या शिबिरात तर आसनंच नव्हती, नुसतं बसून श्वास पाहायचा. मी किती बोलते ते तिथे कळलं. पण नाना, या सगळ्यांकडे मी पोचले ती नरडाण्याच्या आपल्या अंगणातून. दिवसभर शाळेत पीटी घेऊन दमलेले तुम्ही पँट दुमडून माझ्याशेजारी उभे राहायचात. तसे राहिला नसतात तर पुढचं एकही दार मी ठोठावलं नसतं.

गुडघा कसा आहे? डॉक्टर चाला म्हणतात आणि तुम्ही चालत नाही, अशी मोठ्या आईची तक्रार आहे.

लोभ आहे तसा ठेवा, आणि पाय हलता ठेवा.

तुमची,
नूतन


धुळे,
२७ नोव्हेंबर २०२३

चि. सौ. नूतन हीस,
मोतीलालचा जयभीम व अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. राकेशला म्हणावं, पुढच्या वेळी पंख्याला चादर बांध.

येणं मात्र जमायचं नाही. पोळ्यानंतर गुडघा नवा बसवला, पण त्या पायावर भार द्यायला मन धजत नाही. वॉकर धरून न्हाणीपर्यंत जातो, तेवढाच माझा प्रवास. तुझी मोठी आई शेजारणींना सांगत फिरते, की आते हाऊ माणूस खाटलाले चिकटी गया. मी खाटेला चिकटलो तर चिकटलो, तिला फिरू दे. निदान ती तरी चालते.

दुसरंही कारण आहे. तू नाशिकला शिकत होतीस तेव्हा लिहिलं होतंस, की प्रत्येक आसन डाव्या पायाने सुरू करायला कोणत्या शहाण्याने शिकवलं, असं सरांनी भर वर्गात विचारलं. तो शहाणा मी. तरुणपणी शिबिरात आमचे गुरुजी आमच्याकडे तोंड करून उभे राहत आणि मी आरशात पाहावं तसं उचललं. त्यांचा उजवा, माझा डावा. तोच तुझ्या पायात बसवला. तू गमतीत लिहिलंस, मीही हसलो होतो. पण गुरू म्हणून लोकांसमोर उभं राहायचं आणि पहिलंच पाऊल चुकीचं टाकायचं, हे पीटीच्या मास्तराला शोभत नाही. तू सरांना बोलाव.

तुझा अभिमान वाटतो, तो इथे बसूनही वाटेल. कुणी येणारं असेल तर भरिताची वांगी धाड.

लोभ आहेच, तो टपालाने मागावा लागत नाही.

मोतीलाल


जळगाव,
५ डिसेंबर २०२३

ती. नाना यांस,
सविनय जयभीम. वि. वि.

वांगी धाडणार नाही. इथे येऊन खा.

काल रंगीत तालीम म्हणून वर्ग घेऊन पाहिला. हॉलमध्ये आरसा नाही, त्यामुळे बायकांकडे तोंड करूनच शिकवावं लागतं. आधी माझी मैत्रीण दीपमाला उभी राहिली. तिचं आसन फार सुरेख, अगदी पुस्तकातलं. तिने उजवा पाय म्हणत स्वतःचा उजवा पुढे टाकला. समोर निम्म्यांनी ऐकून उजवा टाकला, निम्म्यांनी बघून डावा, आणि नशिराबादच्या लिलाबाई शेजारणीवर आदळल्या. दीपमाला उलटं करायला गेली तर तिचाच तोल गेला!

मग मी उभी राहिले. सवयीने डावा पाय टाकला. समोर एकजात सगळ्यांचा उजवा पुढे आला, आरशात यावा तसा. लिलाबाई म्हणाल्या, हाई बरं शे, नुसतं देखं का जमस. नुसतं बघून जमतं, हे त्यांना फार आवडलं. दीपमालाने विचारलं, की हे साधायला किती वर्षं लागली. मी सांगितलं, की मला दुसरं येतच नव्हतं.

नाना, बाकी सगळे गुरू माझ्यासमोर उभे राहिले. शेजारी उभे राहिलात ते तुम्ही एकटे, म्हणून तुमचा डावा जसाच्या तसा माझ्याकडे आला. आता तो या बायकांपर्यंत पोचता पोचता आपोआप उजवा होतो. मला किती आनंद झालाय, काय सांगू! लगेच नाशिकला सरांना फोन केला. ते खूप हसले आणि म्हणाले, की त्या शहाण्याला पाहायला मी स्वतः येतो.

तुम्ही आला नाहीत तर दुसऱ्या कुणाला उभं करणार नाही. पहिलं आसन होणार नाही, बायका सतरंज्या गुंडाळून घरी जातील. बघा मग.

लोभ असेल तर तो रविवारी सोबत आणा.

तुमची हट्टी,
नूतन


धुळे,
११ डिसेंबर २०२३

चि. सौ. नूतन हीस,
जयभीम व आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून झाल्यावर मी वॉकर भिंतीला लावला आणि चुलीपाशी तुझ्या मोठ्या आईसमोर उभा राहिलो. मी करतो तसं कर, म्हणालो. तिला वाटलं, माझं डोकं फिरलं. मग भिंतीचा आधार सोडून डावा पाय पुढे टाकला. ऑपरेशन त्याच पायाचं आहे. पोळ्यानंतर पहिल्यांदाच त्याच्यावर पुरता भार दिला. थरथरला, पण उभा राहिला. समोर तुझ्या मोठ्या आईने अगदी बरोबर उजवा टाकला. मग ती रडत बसली आणि कळण्याची भाकरी तव्यावर करपली. तीच आम्ही दोघांनी मिटक्या मारत खाल्ली.

शनिवारच्या बसने दोघं येतो. वॉकर आणीन, पण तो हॉलच्या दाराबाहेर राहील.

आणि नाशिकच्या सरांना पहिल्या रांगेत उभं कर. त्यांचा उजवा पाय मी नीट पुढे टाकून घेतो.

बाकीचा लोभ समोरासमोर.

तुझा शहाणा,
मोतीलाल नाना